खणखणीत क्लीन ॲम्प आणि फाटका आवाज : वाचकांचे प्रश्न

स्नेहसंमेलनांचा हंगाम जवळ आला की गिटार वाजवणाऱ्यांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येतो. भाड्याने मिळालेला ॲम्प दणदणीत असतो, स्वच्छही असतो, पण ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज काही केल्या जमत नाही. त्यातले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर गिटार आणि ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्हचे पेडल आहे. मित्राच्या १५ वॅटच्या ब्लूज ज्युनिअर ॲम्पवर पेडलचा ड्राइव्ह (फाडण्याचा नॉब) शून्य आणि लेव्हल पूर्ण ठेवली की झकास आवाज येतो. गॅदरिंगला भाड्याने फेंडर ट्विन रिव्हर्ब ॲम्प आला. तिथे हीच सेटिंग लावली तर आवाज नुसता मोठा झाला, फाटला नाहीच. पेडल बिघडले की ॲम्पमध्ये खोट आहे? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. ब्लूज ज्युनिअरवर आवाज मुख्यतः ॲम्प फाडत होता, पेडल त्याला मागून जोर देत होते. त्या ॲम्पमध्ये ईएल८४ जातीच्या दोन पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब) असतात आणि त्या लवकर दमतात. ट्विनमध्ये चार ६एल६ ट्यूब, ८५ वॅट आणि बारा इंची दोन स्पीकर. १९६३ पासून या ॲम्पचे नाव आहे ते आवाज न फाटण्याबद्दलच.

आतली वाट पाहा. पहिल्या १२एएक्स७ ट्यूबनंतर ट्रेबल, मिडल, बेसचे सर्किट येते आणि व्हॉल्यूमचा नॉब त्याच्याही पुढे. पेडलने पाठवलेला जादा जोर पहिली ट्यूब बहुतेक पचवते, टोनच्या सर्किटमध्ये त्यातला बराच गळतो आणि व्हॉल्यूम ३ वर असेल तर उरलेला तिथे अडतो. पॉवर ट्यूबपर्यंत जे पोचते ते त्यांच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. व्हॉल्यूम ७ वर नेलात तर ट्विनही फाटेल, पण तोवर पहिल्या दोन रांगा रिकाम्या झालेल्या असतील.

म्हणून ट्विनला ढकलायचा नाद सोडा. फाटायचे काम सगळेच्या सगळे पेडलमध्ये करून घ्या आणि ट्विनकडे फक्त आवाज मोठा करण्याचे काम ठेवा. एकदा हे ठरले की ॲम्पचे नॉब लावण्याची पद्धतच बदलते.

फेंडरच्या या टोन सर्किटमध्ये सगळे नॉब मध्यावर असले तरी ४०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो. क्लीन वाजवताना तो शोभतो. फाटक्या आवाजात मात्र खाली बेस घुमतो, वर चिरकतो आणि मधला गाभा गायब. तेव्हा मिडल ७ ते ८, बेस २ ते ३, ट्रेबल ४ पासून सुरुवात करा. ट्यूब स्क्रीमरचा उठाव साधारण ७२० हर्ट्झच्या अवतीभवती असतो, तोही हा खड्डा भरायला मदत करतो. या दोघांची जोडी गाजली ती यामुळेच.

ब्राइट स्विच बंद ठेवा. त्यात व्हॉल्यूमच्या नॉबला समांतर जोडलेला १२० पिकोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर असतो. व्हॉल्यूम जितका कमी, तितका तो वरचे स्वर जास्त सोडतो. म्हणजे ३ वर वाजवताना ब्राइट चालू असेल, तर पेडलने तयार केलेली सगळी खरखर तो मोठी करून दाखवणार.

आता पेडल. ड्राइव्हचा नॉब घड्याळातल्या ११ ते १ च्या दरम्यान, टोन १० वाजता. लेव्हल अशी लावा की पेडल चालू-बंद केले तरी आवाज जवळपास तेवढाच राहील. हे टाळून लोक पेडल मोठे ठेवतात आणि ‘चालू केल्यावर भारी वाटते’ म्हणतात; मोठा आवाज कानाला नेहमीच भारी वाटतो. ही सारखी पातळी धरूनच टोन ठरवा.

आणि कान स्पीकरसमोर आणा. ॲम्प गुडघ्याच्या उंचीवर असतो, गिटारवाला त्याच्या पुढ्यात उभा असतो, त्यामुळे वरचे स्वर त्याच्या पोटरीला लागतात. त्याला आवाज मंद वाटतो, तो ट्रेबल वाढवतो आणि समोर बसलेल्यांचे दात आंबतात. ट्विनच्या दोन्ही बाजूंना ॲम्प मागे कलवण्याचे पाय असतात, ते वापरा. नसतील तर खुर्चीवर ठेवा, मात्र हा ॲम्प जवळपास ३० किलोंचा आहे, खुर्ची पाहून घ्या.

घरी हळू आवाजात लावलेली सेटिंग सभागृहात तशीच उतरत नाही. आवाज कमी असताना कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून घरी ते वाढवले जातात. मोठ्या आवाजात तेच अंगावर येतात. साउंड चेकला बेस आणखी थोडा उतरवायची तयारी ठेवा.

प्रश्न : आमच्या जॅम रूममध्ये रोलंड जेसी-१२० आहे. क्लीन आवाज अप्रतिम, पण कोणतेही डिस्टॉर्शन पेडल लावले की डास गुणगुणल्यासारखा आवाज येतो. ॲम्पवरचा डिस्टॉर्शनचा नॉबही वापरून पाहिला. (एक बँड, ठाणे)

उत्तर : तो नॉब शून्यावरच राहू द्या. १९७५ पासून हा ॲम्प लोक घेतात ते त्याच्या क्लीन आवाजासाठी आणि स्टिरिओ कोरससाठी, त्या नॉबसाठी कोणी नाही.

जेसी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालतो. ६० वॅटचे दोन स्वतंत्र ॲम्प्लिफायर, प्रत्येकाला बारा इंची एक स्पीकर. ट्यूबचा ॲम्प क्लीन असतानाही सुरांची टोके थोडी गोल करतो. जेसी काहीच गोल करत नाही, पेडलमधून जे आले ते जसेच्या तसे समोर ठेवतो. तुमचा डास पेडलमध्येच आहे, तो इथे स्पष्ट ऐकू येतो इतकेच.

उपाय दोन टोकांना करायचा असतो. फाटण्याआधी बेस कमी करायचा आणि फाटल्यानंतर ट्रेबल. बेस फाटला की त्यातून निघणारे नवे स्वर मधल्या पट्टीत येऊन बसतात आणि आवाज भुसभुशीत होतो; नंतर कितीही बेस कापला तरी तो गाळ निघत नाही. ट्रेबलचे उलट आहे. आधी कापलात तर फाटताना नवा तयार होतोच, म्हणून तो शेवटी कापायचा.

बॉसच्या जीई-७ सारखा सात पट्ट्यांचा इक्वलायझर असेल तर तो ड्राइव्हच्या नंतर जोडा. ६.४ किलोहर्ट्झची पट्टी ६ ते ८ डेसिबलने खाली, ३.२ किलोहर्ट्झ ३ ने खाली, ८०० हर्ट्झ ३ ने वर, १०० हर्ट्झ ३ ने खाली. दुसरा इक्वलायझर मिळाला तर ड्राइव्हच्या आधी १०० हर्ट्झ ६ ने उतरवा आणि ८०० हर्ट्झ ४ ने चढवा. एकच असेल तर नंतरचाच ठेवा आणि आधीचे काम ट्यूब स्क्रीमरसारख्या मुळातच बेस कापणाऱ्या पेडलकडून करून घ्या.

एका पेडलचा गेन (फाडण्याचे प्रमाण) पूर्ण करण्यापेक्षा दोन पेडलना थोडे थोडे काम द्या. ॲम्पच्या जवळचे पेडल कायम चालू: ब्लूज ड्रायव्हर किंवा रॅट यांपैकी एक ड्राइव्ह पेडल, गेन ९ किंवा १० वाजता. तोच तुमचा ‘ॲम्प’. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचे एसडी-१ पेडल, ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल २ वाजता. ब्लूज ज्युनिअरवरची जी युक्ती वरच्या प्रश्नात आली, ती आता चालते, कारण ढकलायला समोर सहज फाटणारे काहीतरी आहे. रॅटवाल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्याचा फिल्टर उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो. जेसीवर तो १ ते २ वाजता बरा.

ॲम्पवर ब्राइट बंद, ट्रेबल ३, मिडल ७, बेस ४. पेडलची लेव्हल फार चढी असेल तर लो इनपुटमध्ये जोडा. जेसीचा स्वतःचा ट्रान्झिस्टर फाटू देऊ नका, तो फाटताना कडकड आवाज करतो, त्यात गोडवा नसतो. मागे इफेक्ट लूप (ॲम्पच्या पुढच्या आणि शेवटच्या भागांमध्ये पेडल जोडायची सोय) असलेले मॉडेल असेल आणि तुमच्याकडे ॲम्पच्या पुढच्या भागाचे काम करणारे प्रीॲम्प पेडल असेल, तर ते थेट लूपच्या रिटर्न जॅकमध्ये जोडून पाहा; जेसीचा पुढचा भाग वगळला जातो आणि चिरकेपणा पुष्कळ उतरतो.

प्रश्न : ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटची पाटी घरी बनवतो आहे. क्लीन ॲम्पसाठी त्यात कोणते पार्ट बदलावेत? (एक हौशी, चिंचवड)

उत्तर : मूळ हिशेब आधी. ४५५८ आयसीच्या फीडबॅकमध्ये ५१ के (किलोओहम) रेझिस्टर आणि ५०० के ड्राइव्ह पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) मालिकेत, त्यांना समांतर ५१ पिकोफॅरड आणि उलटसुलट जोडलेले दोन डायोड. इन्व्हर्टिंग पायापासून ग्राउंडकडे ४.७ के आणि ०.०४७ मायक्रोफॅरड. यावरून गेन कमीत कमी १२ पट आणि जास्तीत जास्त ११८ पट निघतो. स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप (तारांच्या कंपनातून वीज तयार करणारा भाग) जोराने वाजवला की १०० ते २०० मिलिव्होल्ट सहज देतो. त्याला १२ ने गुणा, डायोडच्या ०.६ व्होल्टच्या वर गेलात. म्हणजे ड्राइव्ह शून्यावर असला तरी हे पेडल स्वच्छ नसते, आणि क्लीन ॲम्पवर ते लगेच कळते.

४.७ के आणि ०.०४७ मिळून ७२० हर्ट्झच्या खालचा गेन कमी करतात. ट्विनवर तुम्हाला आवाज पातळ वाटत असेल तर ०.०४७ च्या जागी ०.१ लावा, ती मर्यादा सुमारे ३४० हर्ट्झवर येते. ०.२२ लावलेत तर १५४ हर्ट्झ. हंबकर (दोन कॉइलचे पिकअप) असलेल्या गिटारला ते जास्त होते, खालच्या दोन तारा चिखल करतात. आम्ही ०.१ वर थांबू.

डायोड म्हणून १एन४१४८ चालतो, १एन९१४ साठी हट्ट धरू नका. जोडीपैकी एका बाजूला दोन डायोड मालिकेत लावले की फाटणे विषम होते. एसडी-१ मध्ये हेच केलेले आहे. दोन्ही बाजूंना लाल एलईडी लावले तर मर्यादा १.७ व्होल्टच्या आसपास जाते. पेडल बरेच मोठे वाजते, बोटाच्या जोराला जास्त साथ देते, पण फाटतेही कमी. क्लीन ॲम्पवर एकट्याने वाजवायचे असेल तर साधे सिलिकॉन डायोडच बरे. एलईडीची आवृत्ती दुसऱ्या पेडलच्या आधी ठेवायला छान.

पुढे १ के आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी ट्रेबल उतरवते, तिला हात लावू नका. जेसीवर चिरका आवाज येतो त्याला हाच भाग आवर घालतो.

सामान पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. आयसीसाठी पाटीवर आठ पायांचे सॉकेटच बसवा. थेट झाळलेली आयसी जळली की पाटीचे तांबे सोलूनच निघते. बंद पडलेल्या पाट्यांमध्ये एकच दोष वारंवार दिसतो, एक डायोड दुसऱ्याच्याच दिशेने बसवलेला. मग सुराची एकच बाजू कापली जाते, आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आणि खडबडीत येतो आणि माणूस आयसी बदलत बसतो. डायोडवरचे काळे पट्टे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना हवेत, एवढे आधी पाहा.

प्रश्न : ट्विनच्या चारपैकी दोन पॉवर ट्यूब काढल्या तर आवाज निम्मा होतो म्हणतात. की ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून शक्ती खाणारा अटेन्युएटर घ्यावा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वॅट निम्मे होतात, आवाज नाही. निम्मे वॅट म्हणजे ३ डेसिबल कमी. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे वॅट दहाव्या हिश्शावर यावे लागतात. शिवाय ट्यूब काढायच्याच तर चारपैकी बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन काढायच्या, एका बाजूच्या दोन कधीच नाही. दोनच ट्यूब राहिल्या की ट्रान्सफॉर्मरला ४ ऐवजी ८ ओहमचा भार हवा. ट्विनमधले ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर आहेत, त्यातला एक सोडवला की ८ ओहम मिळतात. पण मग सगळी शक्ती त्या एकट्यावर येते, त्याची क्षमता पाहिली पाहिजे, बायसही (ट्यूबमधून वाहणाऱ्या स्थिर करंटची सेटिंग) तपासून घ्यावा लागतो. ३ डेसिबलसाठी एवढी उठाठेव आम्हाला पटत नाही. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो, तेव्हा मागची झाकणे उघडायचे काम तंत्रज्ञाचे.

अटेन्युएटर घ्यायचा तर ४ ओहमचा आणि १०० वॅटच्या वरचा. साध्या रेझिस्टरच्या अटेन्युएटरपेक्षा रिॲक्टिव्ह लोड (स्पीकरसारखा वागणारा भार) असलेल्यात आवाज कमी मेलेला वाटतो. ओहम जुळले नाहीत किंवा स्पीकरची तार न लावता ट्यूब ॲम्प चालवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

तरी अपेक्षा जमिनीवर ठेवा. गिटारच्या सर्वसाधारण बारा इंची स्पीकरला १ वॅट दिला तरी एक मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. अटेन्युएटरने ८५ वॅटचे २० डेसिबल उतरवले की उरतो साधारण ०.८५ वॅट, म्हणजे घरात अजूनही शेजारी दार वाजवणारच. आणि पूर्ण चढवलेल्या ट्विनचा बेस सैल पडतो, तो सर्वांना आवडत नाही. ते पैसे चांगल्या पेडलवर घालवा.

प्रश्न : सोलोसाठी बूस्ट पेडल दाबले की आवाज आणखी फाटतो, वर काही येत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बूस्ट ड्राइव्हच्या आधी आहे, नंतर लावा. आधी असलेला बूस्ट गेन वाढवतो, नंतरचा आवाज वाढवतो. क्लीन ॲम्पचा खरा फायदा इथे आहे: आधीच फाटलेल्या ॲम्पवर नंतरचा बूस्टही दबून जातो, ट्विन किंवा जेसीवर तो सरळ वर येतो. ३ ते ४ डेसिबल पुरेत. इक्वलायझर हाच बूस्ट म्हणून वापरलात तर ८०० हर्ट्झची पट्टी ३ ने चढवा आणि लेव्हल २ ने. की-बोर्ड आणि ढोलकीतूनही सोलो ऐकू येतो.

प्रश्न : मंडपात वाजवताना ओव्हरड्राइव्ह चालू केला की जोरात गुणगुण येते. आमच्या साउंडवाल्याने ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितली. काढू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अजिबात नाही. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. मंडपात मिक्सर एका फेजवर आणि ॲम्प दुसऱ्या फेजवर किंवा जनरेटरवर असतो. अर्थिंग तुटलेल्या ॲम्पची गिटार हातात धरून ओठ माइकला लागले तर शरीरातून करंट जातो. वाजवण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टहून जास्त दिसले तर वायरिंग सुधारेपर्यंत गाऊ नका.

गुणगुण कमी करायला ॲम्प आणि पेडलबोर्ड एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. मिक्सरकडे जाणारी लाइन ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) द्या आणि ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलच्या केबलमधले ग्राउंड तोडणारा स्विच तिथे वापरा, तो याचसाठी असतो. एकाच स्वस्त अडॅप्टरवर साखळीने जोडलेली पेडल, त्यात डिजिटल डिले असेल तर बारीक शीळ येते. डिलेला वेगळा अडॅप्टर द्या. सिंगल कॉइल पिकअप रोषणाईच्या डिमरची गुणगुण पकडतात, त्याला उपाय म्हणजे जागेवर वळून पाहणे. एका कोनात ती जवळपास नाहीशी होते, सोलो त्याच तोंडाने वाजवा.

प्रश्न : भाऊ अमेरिकेहून ट्विन आणतोय. इथे चालेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मागच्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर इथल्या २३० वर थेट लावू नका. २३० ते १२० व्होल्टचा, किमान ५०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्यातून अर्थिंग ॲम्पपर्यंत पोचते का ते मल्टिमीटरने पाहा. स्वयंपाकघरातल्या मिक्सरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर नकोत.

प्रश्न : गिटारचा व्हॉल्यूम कमी करून ओव्हरड्राइव्ह स्वच्छ करतात म्हणे. माझा आवाज स्वच्छ होण्याऐवजी बसका होतो. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : व्हॉल्यूम पॉट खाली आणला की गिटारच्या केबलची कपॅसिटन्स वरचे स्वर खाते. २५० के पॉटच्या इनपुट आणि आउटपुट पायांमध्ये १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० के रेझिस्टर झाळा. गिटार ते पहिल्या पेडलपर्यंतची केबल ३ मीटरच्या आत ठेवा. जास्त फाडणाऱ्या पेडलवर हा खेळ जमत नाही, तिथे व्हॉल्यूम ५ वर आणला तरी आवाज फाटलेलाच राहतो; ब्लूज ड्रायव्हरचा गेन १० वाजता ठेवून गिटारचा व्हॉल्यूम ७ आणि १० या दोन जागांमध्ये फिरवून पाहा. क्लीन ॲम्पवर हा फरक चांगला उठून दिसतो.

प्रश्न : नऊ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट दिले तर आवाज सुधारतो का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : बॉसच्या पेडलांना देऊ नका, ती ९ व्होल्टसाठी आहेत. ट्यूब स्क्रीमरसारख्यात फाटण्याची मर्यादा डायोड ठरवतात, सप्लाय नाही, त्यामुळे फरक फार थोडा. ज्या पेडलवर १८ लिहिलेले आहे त्यालाच द्या.